मिस्किटा मिसचा मोल दिवस

आमच्या स्टाफरूममध्ये हिल्डा मिस्किटासमोर 'थोडंसं' म्हणायची सोय नव्हती. तिची-माझी ओळखच या शब्दावरून झाली. मी नुकतीच त्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला लागले होते. डब्यातली भाजी अळणी निघाली, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, थोडं मीठ आहे का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "थोडं म्हणजे किती?"

मला वाटलं, बाई खवचट आहेत. दोन-तीन महिन्यांनी कळलं की त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या केमिस्ट्री शिकवायच्या. चणीनं लहान, केस कायम मागे घट्ट बांधलेले, आणि खांद्याला अशी पिशवी की त्यात त्या स्वतः मावल्या असत्या. मरोळच्या गावठाणात त्यांचं घर होतं, कॉलेजपासून चालत अकरा मिनिटांवर. हे अकरा मी सांगत नाहीये, त्या सांगायच्या. 'दहा-बारा मिनिटं लागतात' असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची. दहा की बारा? आणि कोण चालतंय? वर्षभरात 'अहो मिस'चं 'अगं हिल्डा' झालं, पण मुलांना मात्र ती शेवटपर्यंत मिस्किटा मिस.

कॅन्टीनमध्ये तिनं एकदा कटिंग म्हणजे किती हे विचारलं होतं. कॅन्टीनवाल्यानं ग्लासावर बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती मोजपात्र घेऊन गेली आणि सलग पाच कटिंग मोजून त्याला सांगितलं की त्याचं बोट दर वेळी वेगळ्या जागी असतं. त्या दिवसापासून तिचा चहा तो तिच्यासमोर, श्वास रोखून ओतायचा.

उन्हाळ्यात तिच्या घरी बाटली मसाला व्हायचा. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घरांतला तो लाल मसाला, काळपट बाटल्यांत ठासून भरलेला. तिच्या बाटल्यांवर तारखेची चिठ्ठी आणि घाणा क्रमांक असायचा. मी कृती मागितली तर दोन पानं लिहून दिली, त्यात मिरच्यांचं वजन देठासकट आणि देठाशिवाय असं दोन्ही. मी तंतोतंत केला. तिच्यासारखा झाला नाही. तिला तसं सांगितलं तर क्षणभर विचार करून म्हणाली, तुझा तराजू खोटा असणार. माझा हात चुकला असेल ही शक्यता तिला सुचली नाही, हा तिचा मोठेपणा. आणि कृतीत काही राहिलं असेल हीसुद्धा सुचली नाही, हा तिचा स्वभाव.

अशा बाईचा वर्षातला सगळ्यात मोठा सण म्हणजे तेवीस ऑक्टोबर. नाताळ त्याच्यानंतर. हे ती पाद्रींसमोर कबूल करायची नाही, पण आम्हाला दिसत होतं.

त्या दिवसाला जगभर मोल डे म्हणतात हे मला तिच्यामुळे कळलं. पहिल्या वर्षी तिनं मला पहाटे बोलावलं. सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी सण सुरू होतो, संध्याकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी संपतो. मी घाटकोपरहून रिक्षा करून, डोळे चोळत पोचले तर ही प्रयोगशाळेत इस्त्रीच्या साडीत उभी, हातात पितळी घंटा, नजर घड्याळावर. सहा-दोनला तिनं घंटा वाजवली. समोर अर्धवट झोपेतली चौदा मुलं होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं माझ्या हातात एक एवढासा पेला दिला, तळाशी जेमतेम एक घोट पाणी.

"पी," ती म्हणाली.

मी प्यायले.

"आता किती रेणू प्यायलीस ते मोज."

मुलं हसली. नव्या बाईंची दरवर्षी अशीच फिरकी घ्यायची हे त्यांना आधीपासून माहीत असणार. मग हिल्डानं मला समजेल अशा भाषेत सांगितलं. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एक आकडा. फक्त जरा मोठा. सहाशे दोन लिहायचे आणि त्यापुढे एकवीस शून्यं द्यायची. शास्त्रात तोच आकडा 'सहा पूर्णांक शून्य दोन गुणिले दहाचा तेविसावा घात' असा लिहितात, म्हणून दहावा महिना, तेवीस तारीख, सहा वाजून दोन मिनिटं. अठरा ग्रॅम पाणी घेतलं की त्यात पाण्याचे रेणू बरोबर तेवढे. अठ्ठावन्न पूर्णांक पाच ग्रॅम मीठ घेतलं की त्यातही तेवढेच मिठाचे घटक. जे डोळ्यांना दिसत नाही, ते वजन करून मोजायचं. "केवढी मोठी गोष्ट आहे गं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही आलं की मला पुढचा विनोद करवला नाही.

तरी मी एक केलाच. म्हटलं, मराठीत मोल म्हणजे किंमत, तेव्हा याला 'मोलाचा दिवस' म्हणू या. तिला ते मुळीच आवडलं नाही. ती म्हणाली, तुमच्या मोलाला एकक नाही.

त्या दिवशी प्रत्येक मुलानं कशाचा तरी एक मोल घरून आणायचा असा दंडक होता. कुणी साखर आणे, कुणी खिळे, कुणी तांब्याची तार. आळशी मुलं पाणी आणत. ती तेही स्वीकारायची, पण वजन करून. "सतरा पूर्णांक चार. बाकीचं वाटेत प्यायलास?" एका वर्षी दिवाळी तोंडावर होती, तेव्हा एक मुलगी आईनं केलेल्या करंज्या घेऊन आली आणि म्हणाली, मिस, करंजीचा एक मोल. हिल्डानं एक करंजी उचलून नीट पाहिली. करंजी हा रेणू नाही, असा निकाल दिला. मग ती खाल्ली आणि मुलीला सांगितलं की एक मोल करंज्या करायला तिच्या आईला पृथ्वीपेक्षा मोठी परात लागेल.

तारीख रविवारी आली तरी सण पुढे ढकलला जायचा नाही. सहा-दोनला घंटा वाजवून ती तशीच चर्चला साडेसहाच्या मिस्सेला पळायची आणि परत यायची. सुट्टी पडली तर वॉचमनला कुलूप उघडायला लावायची. आम्ही तिला चिडवायचो की या दिवसाला उपास ठेव, म्हणजे पुण्य लागेल. ती म्हणायची, किती?

आता सरला मावशींबद्दल सांगायला हवं. त्या कांजूरमार्गहून यायच्या. प्रयोगशाळा झाडणं, बाकं पुसणं, परीक्षानळ्या धुणं हे त्यांचं काम. बाई कमी बोलणाऱ्या. एका बावीस ऑक्टोबरला हिल्डानं आमच्या परब शिपायाला घाईघाईत सांगितलं, उद्या मोल दिन आहे, खालच्या फळ्यावर लिहा. परब मालवणचे. त्यांना वाटलं, मिस गडबडीत अर्धंच बोलल्या. त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात, रंगीत खडूनं, भोवती वेलबुट्टी काढून लिहिलं : 'आज मोलकरीण दिन. सर्वांना शुभेच्छा.'

सकाळी मी पोचले तेव्हा फळ्यासमोर घोळका होता आणि सरला मावशी झाडू खाली ठेवून उभ्या होत्या. त्यांना वाचता येत होतं. त्या कुणाकडे न बघता म्हणाल्या की मी इथं नोकरीला आहे, सहीच्या वहीत माझं नाव आहे, मोलकरीण कुणाची? आवाज चढलेला नव्हता. परबांचा चेहरा उतरला. "माका वाटला, मिसचो शब्द अर्धोच रवलो," ते पुटपुटले.

तेवढ्यात प्रयोगशाळेतून हिल्डा खाली आली. तिनं फळा वाचला, मावशींकडे पाहिलं, आणि डस्टर घेऊन फक्त 'करीण' पुसलं. मग मावशींना म्हणाली, चूक माझी आहे, मी अर्धवट सांगितलं. आणि त्यांना वर प्रयोगशाळेत घेऊन गेली. स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. मावशी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या. हिल्डानं त्यांना मोल म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली आणि मध्येच, उदाहरण म्हणून विचारलं, "मावशी, तुम्ही दिवसाला अंदाजे किती नळ्या धुता?"

"अंदाजे कशाला? दोनशे सोळा," मावशी म्हणाल्या. "मोजूनच ठेवते. एक कमी झाली तर माझ्यावर येतं."

मी हिल्डाला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. इतकी वर्षं त्या इमारतीत ती एकटीच मोजत होती, आणि दुसरं मोजणारं माणूस पाच हातांवर नळ्या धूत होतं. तिनं घंटा मावशींच्या हातात दिली. पुढच्या वर्षापासून मोल दिनाच्या प्रमुख पाहुण्या सरला मावशी. ठेवणीतली साडी नेसून, कांजूरमार्गहून पहिली बस पकडून त्या यायच्या आणि सहा-दोनला घंटा वाजवायच्या. एकदा प्राचार्यांनी सुचवलं की पवईच्या एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाला बोलावू या. हिल्डानं विचारलं, ते दिवसाला किती नळ्या धुतात?

मग दिवस बदलले. मुलं आमच्याकडे प्रवेश घ्यायची, पण शिकायला क्लासला जायची. संस्थेनंच एका मोठ्या क्लासशी संधान बांधलं. हजेरी कागदावर लागायची, वर्गात बाकं रिकामी. माझ्या मराठीला तर आधीपासूनच कुणी येत नव्हतं, त्यामुळे मला फार लागलं नाही. हिल्डाला लागलं. ती रिकाम्या वर्गातही पूर्ण तास घ्यायची. दोन मुलं असली तरी फळा भरून लिहायची. मी एकदा म्हटलं, कशाला जीव आटवतेस? ती म्हणाली, दोन म्हणजे शून्य नाही.

त्या वर्षी तेवीस ऑक्टोबरला क्लासची मोठी चाचणी होती. हे तिला आधीच कळलं होतं, तरी तिनं सूचना लावली. मी गेले. मावशी आल्या. सहा-दोनला घंटा वाजली. समोर चाळीस रिकामी स्टुलं होती आणि तिनं आदल्या दिवशी मोजून भरलेल्या पुड्या होत्या. मीठ, साखर, खाण्याचा सोडा, खिळे, प्रत्येकावर वजनाची चिठ्ठी. साडेसहा झाले. सात झाले. मावशींनी उगाच एक स्वच्छ बाक पुसलं.

"मला वाटलं होतं, एक तरी येईल," हिल्डा म्हणाली. "एकच गं. मोलभर नाही मागत."

ती खिडकीशी गेली, पाठमोरी उभी राहिली. पाच मिनिटांनी वळली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज कामाचा होता. तिनं कपाटातून दोन पारड्यांचा तराजू काढला. रसायनशाळेत त्याला रफ बॅलन्स म्हणतात आणि तिला त्या नावाचा मनापासून राग होता. वजनांची पेटी घेतली, पुड्या आपल्या अवाढव्य पिशवीत भरल्या. तिनं विचारलं, क्लासची मधली सुट्टी किती वाजता असते? मावशींना माहीत होतं, त्यांची भाची तिथं होती. अकराला.

अकराला दहा कमी असताना आम्ही तिघी रिक्षातून क्लासच्या इमारतीसमोर उतरलो. फुटपाथवर चहाची टपरी होती. हिल्डानं टपरीवाल्याची फळी मागितली, खाली कागदाच्या घड्या सारून ती सपाट केली, तराजू मांडला, काटा स्थिर होईपर्यंत आम्हाला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही. मग मावशींना म्हणाली, वाजवा.

मावशींनी घंटा वाजवली. वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. सुट्टीत मुलं खाली उतरली आणि थोडी लांबच उभी राहिली, एकमेकांना कोपरानं ढोसत. ही आपल्या कॉलेजची मिस ना? मग एक मुलगी पुढे आली. तिनं सरळ सांगितलं, "मिस, पण मोल आम्हाला पाठ आहे. पूर्ण धडा झालाय."

"पाठ आहे ना? छान. आता हातात घे."

हिल्डानं तिच्या एका तळव्यावर पाण्याची चिमुकली बाटली ठेवली आणि दुसऱ्यावर साखरेची पुडी, तीनशे बेचाळीस ग्रॅमची. दोन्हीत कण सारखेच, ती म्हणाली. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मुलगी एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे बघत राहिली. हात वरखाली करून पाहिले. मग हळूच म्हणाली, म्हणजे साखरेचा एकेक रेणू एवढा जड असतो? मी शास्त्र शिकलेली नाही, पण पाठ असणं आणि कळणं यांच्यामधली पायरी ती मुलगी माझ्यासमोर चढली, एवढं मला दिसलं. त्यानंतर रांग लागली. टपरीवाला स्वतःची साखर घेऊन रांगेत उभा राहिला.

सुट्टी संपली तरी मुलं हलेनात, म्हणून क्लासमधून एक तरुण सर तावातावानं खाली आले. तराजूमागे कोण आहे ते दिसल्यावर पायरीवरच थबकले. सौरभ. सात-आठ वर्षांपूर्वीचा आमचाच विद्यार्थी. त्यानं चाचरत सांगितलं, मिस, इथं असं चालत नाही, मला वर उत्तर द्यावं लागतं.

"ते बरोबर आहे तुझं," हिल्डा म्हणाली. "पण तुझं बारावीचं जर्नल अजून माझ्याकडे आलेलं नाही. त्याचं उत्तर कोण देणार?"

सगळी बॅच हसली. सौरभही हसला, कान लाल करून. घड्याळाकडे बघून म्हणाला, पंधरा मिनिटं. आणि स्वतः तिथंच उभा राहून मुलांच्या हातात पुड्या द्यायला लागला. पंधराची पंचवीस झाली. ती त्याला वर महागात पडली असणार, पण त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही.

तक्रार अर्थातच आली. दुसऱ्या दिवशी हिल्डाच्या टेबलावर कार्यालयाचं पत्र : प्रयोगशाळेचं साहित्य परवानगीविना बाहेर नेलं, कामाच्या वेळेत कॉलेज सोडलं, सार्वजनिक रस्त्यावर अंदाजे शंभर विद्यार्थ्यांचा जमाव जमवला, खुलासा करावा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. मी घाबरले. माफी माग आणि मोकळी हो, असं मी तिला परोपरीनं सांगितलं. तिनं एका बैठकीत खुलासा लिहिला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, शुद्धलेखन बघ, मजकुराला हात लावू नकोस.

मजकूर असा होता : 'आपल्या पत्रात अंदाजे शंभर विद्यार्थी असे म्हटले आहे. विद्यार्थी त्र्याऐंशी होते. चहाच्या टपरीचे मालक धरून चौऱ्याऐंशी. बाकी मजकूर बरोबर आहे.'

मी ऱ्हस्व-दीर्घ तपासले. एकही चूक नव्हती. प्राचार्यांनी तो कागद वाचला आणि फाइलमध्ये लावून टाकला. पुढे काही झालं नाही. पुढच्या ऑक्टोबरात सौरभ स्वतः एक आख्खी बॅच घेऊन कॉलेजात आला. सहा-दोनला नाही, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. तेवढं त्याला जमलं. हिल्डानं उशिराबद्दल त्याला बोलून घेतलं आणि मग जर्नल मागितलं. त्यानं पिशवीतून काढून दिलं. बहुतेक नव्यानंच लिहिलं होतं, शाई ताजी दिसत होती. तिनं सगळी पानं उलटून पाहिली, एका ठिकाणी चूक दाखवली आणि सही केली. तो तिचा आमच्याकडचा शेवटचा मोल दिवस.

मे महिन्यात ती निवृत्त झाली. निरोप समारंभात आम्ही सगळे भरभरून बोललो. ती चार वाक्यं बोलून बसली. मावशी मात्र त्या दिवशी आल्या नाहीत; मला बघवणार नाही, असा निरोप त्यांनी पाठवला होता. समारंभ संपल्यावर हिल्डा त्यांना भेटायला थेट कांजूरमार्गला गेली. दोघी काय बोलल्या ते मला दोघींनीही सांगितलं नाही.

मी हिल्डाला शेवटचं पाहिलं ते तिच्या भाच्याच्या लग्नात. त्यानंतर महिन्याभरात ती बहिणीकडे न्यूझीलंडला गेली. आता फोन येतो, पण फोनवर माणूस दिसत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी मरोळला गेले होते. त्यांच्याकडे लग्नाआधी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. गावठाणातल्या अरुंद गल्ल्या माणसांनी भरल्या होत्या. मागे काचेच्या उंच इमारती आणि खाली कौलारू घरांपुढे मांडव. घरची माणसं आपसांत जी मराठी बोलत होती तिच्यातलं मला, मराठीच्या बाईंना, निम्मंच कळत होतं. कुणीतरी माझ्या हातात प्लेट दिली, तिच्यात गरम फुगे होते, त्यांचे ते आंबवलेल्या पिठाचे गोल तळलेले पाव.

बँड सुरू झाला आणि विहिरीकडून मिरवणूक आली. पुढे हिल्डा. मी तिला आधी ओळखलंच नाही. लाल चौकड्यांचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, चष्मा नाही, कमरेवर तांब्याची कळशी. ती नाचत होती. बँडच्या मागे एक ताल सोडून, मनाला येईल तसे पाय टाकत, मान मागे टाकून हसत नाचत होती. कळशीतलं पाणी हिंदकळून लुगड्यावर, शेजारणींवर, रस्त्यावर सांडत होतं. तिची वहिनी मागून ओरडून सांगत होती, अगं जपून, घरी पोचेपर्यंत काही उरायचं नाही. हिल्डाला ऐकू आलं नाही, किंवा आलं असावं. बँडवाल्यांनी तेच गाणं पुन्हा धरलं आणि तिनं एक गिरकी घेतली.

मी मांडवाच्या कडेला उभी होते. चष्म्याशिवाय तिला मी दिसले कशी कोण जाणे, पण तिनं मोकळा हात उंच करून मला बोलावलं. मी प्लेट कुठं ठेवावी म्हणून इकडेतिकडे जागा शोधली, एका खिडकीच्या कट्ट्यावर ती ठेवली, पदर खोचला. वळून पाहते तोवर मिरवणूक गावठाणातल्या क्रूसाला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत शिरली होती. रस्त्यावर सांडलेल्या पाण्याची एक लांब वेडीवाकडी रेघ होती. मी तिच्यावरून चालू लागले.